वाचक विचारतात : खांडेपारच्या दगडातल्या खोल्यांत कोण राहायचं?

मागच्या अंकात गोव्यातल्या फोंड्याजवळच्या खांडेपारच्या लेण्यांचा एक फोटो छापला होता, त्यावर एवढे मेसेज आणि पत्रं आली की या वेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. काही प्रश्न सारखेच होते ते एकत्र केलेत. नावं नेहमीप्रमाणे छापत नाही, फक्त गाव.

प्रश्न : पोरांना घेऊन सुट्टीच्या दिवशी खांडेपारला जाऊन आलो. हजार वर्षांपूर्वीची लेणी म्हणून ऐकलेलं, त्यामुळे अजिंठ्यासारखं नाही तरी थोडंफार काहीतरी असेल अशी अपेक्षा होती. तिथं बघतो तर चार बुटक्या खोल्या, आत काळोख, मूर्ती नाही, चित्र नाही. मुलगी म्हणाली, बाबा हे कुणीतरी अर्धवट टाकून गेलंय. यात खरंच माणसं राहत होती का? आणि बघायचं तरी काय त्यात?
– वाचक, फोंडा

उत्तर : राहत होती, आणि ते अर्धवट नाही, पुरं झालेलं काम आहे. आपली गडबड अशी होते की लेणी म्हटलं की आपण देऊळ बघायच्या तयारीनं जातो, मूर्ती शोधतो, खांब शोधतो आणि काही नाही मिळालं की पाच मिनिटांत परत फिरतो. खांडेपारला घर बघायच्या तयारीनं जायचं. घरात माणूस काय करतो, झोपतो, दिवा लावतो, कपडे टांगतो, देवाचं नाव घेतो, पावसापासून वाचतो. एवढं डोक्यात ठेवून त्याच चार खोल्या परत बघा, मग प्रत्येक खाच बोलायला लागते.

चारांपैकी तीन लेण्यांत दोन दोन खोल्या आहेत, एकीतून दुसरीत जायचं. बाहेरच्या खोलीत उजेड येतो, आतलीत जवळजवळ नाहीच, म्हणजे एक खोली बसाउठायची आणि भेटायला येणाऱ्यांची, दुसरी झोपायची किंवा ध्यानाची, असं समजायला हरकत नाही. चौथं लेणं एकाच खोलीचं, ते ध्यानाला बसायचं असं मानतात. भिंतींत कोनाडे आहेत ते दिव्यांसाठी, आपल्या जुन्या घरांत असायचे तसेच. आणि माझ्या मते खांडेपारची सगळ्यात बघण्यासारखी गोष्ट म्हणजे भिंतीतल्या दगडी खुंट्या. वस्त्रं टांगायला केलेल्या. आता जरा विचार करा, आपल्या घरात खुंटी पाहिजे असली तर भिंतीला भोक पाडून ठोकतो, पण इथं भिंतच मुळात डोंगराची, त्यामुळे खुंटी बाहेर यायची असेल तर तिच्या आजूबाजूचा सगळा दगड काढून टाकायचा आणि तेवढाच तुकडा सोडायचा. म्हणजे भिंत तासायच्या आधीच ठरलेलं असणार की इथं माझं वस्त्र टांगणार, एवढ्या उंचीवर, दाराच्या या बाजूला. खोदणाऱ्याला तिथं राहणाऱ्याचा दिवस माहीत होता, कदाचित राहणाराच खोदणारा होता. मुलीला ही खुंटी दाखवा आणि विचारा की हे कसं केलं असेल, बघा ती किती वेळ तिथून हलत नाही ते.

पहिल्या लेण्यात मान वर करून छताकडे बघितलंत का? तिथं कमळ कोरलंय. बहुतेक लोक टॉर्च नेत नाहीत म्हणून ते दिसतच नाही. आणि बाहेरून बघितलं तर वर पायऱ्या पायऱ्यांचं छप्पर आहे, तेही खोल्यांसारखं चिऱ्याचंच, म्हणजे जांभ्या दगडाचं, ते नंतरच्या काळात, दहाव्या-अकराव्या शतकाच्या आसपास, गोव्यावर राज्य करणाऱ्या कदंब राजांच्या वेळी चढवलं असं अभ्यासक मानतात आणि त्या वेळी या राहत्या खोल्यांचं देऊळ झालं असावं. म्हणजे एकानं घर केलं, दुसऱ्यानं त्यावर छप्पर घातलं आणि त्याचा उपयोग बदलला. गावातल्या कुठल्याही जुन्या घराची गोष्ट याहून फार वेगळी नसते.

आता जागा हीच का? नदीमुळे. खांडेपारची नदी दूधसागरच्या बाजूनं घाटातून खाली येते आणि पुढे म्हादईला मिळते, म्हणजे घाटमाथ्यावरून उतरणारा माणूस आणि समुद्राकडून होडीनं वर येणारा माणूस दोघांनाही हा पट्टा लागणारच. आजसुद्धा फोंड्याहून उसगाव, मोले, अनमोड करत बेळगावला जाणारा रस्ता खांडेपारलाच नदी ओलांडतो. विरक्त माणसाला गावाच्या मधोमध राहायचं नसतं पण गावापासून फार लांब राहूनही चालत नाही, भिक्षेला सकाळी चालत जाऊन दुपारपर्यंत परत येता आलं पाहिजे. पाणी दाराशी पाहिजे. मुंबईजवळ कान्हेरीला भिक्खूंनी पाण्यासाठी डोंगरात जागोजागी टाकी खोदली, त्यांना पोढी म्हणतात, कारण तिथं वर्षभर वाहणारी मोठी नदी नव्हती. इथं ती आहे, आणि आजही याच नदीच्या पाण्यावर ओपाचा पाणीप्रकल्प चालतो, तुमच्या फोंड्यातल्या नळाला येतं ते पाणी तिथलंच. त्या खोल्यांत राहणारा माणूस प्यायचा तीच नदी तुम्ही पिताय, हे मुलीला नक्की सांगा.

प्रश्न : आमचं घर चिऱ्याचं, आजोबा चिरेखाणीत काम करायचे. मला एवढंच कळत नाही की मशीन नसताना डोंगर आतून पोखरला कसा, आणि वरचा भाग इतकी वर्षं खाली कसा नाही आला? आमच्या घराची भिंत तर वीस वर्षांत झिरपायला लागली.
– वाचक, डिचोली

उत्तर : तुमचे आजोबा असते तर त्यांनी माझ्यापेक्षा चांगलं उत्तर दिलं असतं. चिरा, म्हणजे जांभा दगड, जमिनीच्या आत असताना ओलसर आणि मऊ असतो, टिकावानं आणि पहारीनं कापता येतो. उघड्यावर येऊन वाळला की घट्ट होतो आणि मग परत भिजला तरी पहिल्यासारखा मऊ होत नाही. कारण त्यात लोखंड भरपूर. आपल्याकडे वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, असा पाऊस हजारो लाखो वर्षं पडत राहिला की खडकातलं विरघळणारं सगळं, सिलिका वगैरे, धुऊन खाली जातं आणि लोखंड, ॲल्युमिनियम मागे राहतं, तोच लाल रंग. वाळताना हे लोखंडाचे कण एकमेकांना धरून बसतात. इंग्रज सरकारसाठी दक्षिण भारत पालथा घालणाऱ्या फ्रान्सिस बुकॅननला मलबारात अंगाडीपुरमला हा दगड दिसला, त्यानं 1807 मध्ये याचं वर्णन छापलं आणि लॅटराइट हे नाव दिलं, त्यालाही हेच नवल वाटलं होतं की लोखंडी हत्यारानं सहज कापला जाणारा दगड हवेवर आला की विटेसारखा कडक होतो. आपल्या कोकणातल्या खाणवाल्यांना ते त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं.

म्हणून काम असं चालायचं: सड्याचा, म्हणजे डोंगरावरच्या सपाट कातळाचा, वरचा थर आधीच ऊनपाऊस खाऊन कडक झालेला, ते आयतं छप्पर. त्याच्या खालचा थर मऊ, त्यात शिरायचं. दगडात खोली करताना सुरुवात वरून करतात, आधी छत, मग भिंती आणि शेवटी जमीन, म्हणजे परांची बांधायला लागत नाही, उभं राहायला खालचा न काढलेला दगड असतोच. अजिंठ्यात जी लेणी अर्धवट राहिलीत त्यांत हा क्रम अगदी स्पष्ट बघायला मिळतो. खवणीवर वाटी फिरवत फिरवत आतून खोबरं काढतो आणि करवंटी शाबूत ठेवतो, तसलंच हे काम. आणि जसजसं आत हवा लागते तसतसं छत आणि भिंती आपोआप घट्ट होत जातात, म्हणजे डोंगरच कामगाराला मदत करत असतो. मला याचं फार कौतुक वाटतं, कारण हे पुस्तकातून येत नाही, पिढ्यान्‌पिढ्या तो दगड हातात धरल्याशिवाय कळत नाही.

वरचा भाग खाली का नाही आला? कारण त्यांनी खोल्या लहान ठेवल्या. जांभा दाब सोसतो, पण ताण सोसत नाही, छत रुंद केलं की मधोमध चीर जाणारच. अजिंठ्याला काळा कातळ, बेसाल्ट, त्यात खांब सोडून मोठेच्या मोठे दिवाणखाने काढता आले. आपल्याकडच्या माणसानं ते करायचा हट्ट धरला नाही, दगड जेवढं देतो तेवढंच मागितलं. बारीक कोरीवकाम नाही त्याचंही कारण हेच, जांभ्याला भोकं असतात, मूर्तीचं नाक काढायला गेलात तर नाकाच्या जागी भोक येतं. म्हणून तांबडी सुर्लाचं महादेवाचं देऊळ बांधताना कदंबांच्या काळात बारीक पोताचा काळा दगड वापरला, आणि तिथली नक्षी बघा आणि खांडेपारच्या साध्या भिंती बघा, फरक कारागिराच्या हातात कमी आणि दगडात जास्त आहे. जांभ्यावर ठसठशीत रेषा मात्र छान बसते, पणसायमळला कुशावतीच्या काठावर जांभ्याच्या उघड्या कातळात कोरलेले बैल, हरणं, मोर आणि तो गोल गोल चक्रव्यूह बघितला की पटतं. 1993 मध्ये ही चित्रं अभ्यासकांच्या नजरेला आली, आणि ती या लेण्यांपेक्षा कितीतरी जुनी आहेत.

तुमची भिंत झिरपते त्याबद्दल खाली सत्तरीच्या वाचकांना जे लिहिलंय ते वाचा, तुम्हालाही लागू पडेल.

प्रश्न : मी आठवीत आहे. आमचा हरवळ्याच्या लेण्यांवर प्रोजेक्ट आहे. आजी म्हणते ती पांडवांनी एका रात्रीत केली, टीचर म्हणतात असं लिहू नको. मग काय लिहू? आणि खरी कुणी केली?
– सांखळी

उत्तर : बाळा, दोन्ही लिही, पण दोन वेगळ्या मथळ्यांखाली. एक, लोक काय सांगतात. दोन, दगड काय सांगतो.

पहिल्यात आजीची गोष्ट तिच्याच शब्दांत लिही, तिला नीट बसून विचार की तिला कुणी सांगितली, पांडव तिथं का आले, एका रात्रीत का. वनवासातले पांडव रात्रीत लेणी खोदतात आणि कोंबडा आरवला की काम सोडून जातात अशी गोष्ट अख्ख्या कोकणात आणि घाटावर सांगतात. नाशिकच्या लेण्यांना तर नावच पांडवलेणी आहे. पण तिथल्या भिंतींवर लेख कोरलेले आहेत, त्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिनं दिलेलं दान आहे, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचंही आहे, आणि ती लेणी बौद्ध भिक्खूंसाठी होती हे त्या लेखांत साफ लिहिलंय. म्हणजे खरे करणारे विसरले गेले तरी जागा एवढी मोठी वाटायची की लोकांनी ती आपल्या माहितीतल्या सगळ्यात मोठ्या माणसांच्या नावावर केली. हे टीचरना दाखव, त्या खूश होतील.

दुसऱ्या भागात हरवळ्याचं लिही. लेणी जांभ्यात खोदलेली आहेत, ओळीनं पाच दालनं, आत लिंगं आहेत. त्यातल्या एकावर एक छोटासा लेख आहे, संस्कृत भाषेतला, ब्राह्मीतून पुढे आलेल्या जुन्या लिपीत, अक्षरांच्या वळणावरून साधारण सातव्या शतकातला मानतात. त्यात लिहिलंय, संबलूरवासी रवि. संबलूरला राहणारा रवि. बस, एवढंच. तो कोण होता, दान देणारा की आणखी कुणी, यावर अभ्यासकांनी पुष्कळ चर्चा केलीय, पण तेराशे वर्षांनंतरसुद्धा एका माणसाचं नाव आणि त्याचं गाव आपल्याला वाचता येतंय ही केवढी मोठी गोष्ट आहे. मी असतो तर प्रोजेक्टच्या कव्हरवर हीच ओळ लिहिली असती.

एक काम मात्र करू नकोस, त्या लेखावर खडू किंवा कोळसा घासून अक्षरं उठवू नकोस. बाजूनं टॉर्चचा तिरका उजेड टाकून फोटो काढ, अक्षरं आपोआप उठून दिसतील. लेणी केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत, तिथं कुणी माणूस असेल तर त्याला विचारून मगच आत जा, आणि पावसात गेलास तर लेणी बघून झाल्यावर धबधब्याकडे एकटा जाऊ नकोस, आईबाबांना घेऊन जा.

प्रश्न : आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मोठं भांडण झालं. अर्धे म्हणतात गोव्यातली ही सगळी लेणी बौद्ध, अर्धे म्हणतात शैव, दोघेजण तर ग्रुप सोडून गेले. तुम्ही एकदाचं सांगून टाका.
– वाचक, मडगाव

उत्तर : गेलेल्या दोघांना परत ॲड करा, कारण दोघांच्याही हातात पुरावा आहे. दक्षिण कोकणात बौद्ध होते यात शंका नाही. कारवारच्या पुढे हिरेगुत्तीला भोज राजांचा ताम्रपट मिळाला, त्यात बौद्ध विहाराला दिलेल्या दानाची नोंद आहे, आणि गोव्यावर राज्य करणारे ते हेच भोज. कोलवाळजवळ मुशीरला फादर हेन्री हेरास यांना 1930 च्या सुमारास बुद्धाची मूर्ती सापडली, ती आता मुंबईला सेंट झेवियर्स कॉलेजातल्या हेरास इन्स्टिट्यूटमध्ये आहे. दुसऱ्या बाजूला हरवळ्याला लिंगं समोर दिसतात आणि कदंब राजे तर सप्तकोटेश्वराचे भक्त, स्वतःच्या बिरुदात त्याचं नाव मिरवणारे.

माझं मत असं आहे की प्रश्नच जरा चुकीचा विचारला जातोय. एक जागा एकाच पंथाची आणि ती कायमची, असं त्या काळी नव्हतं. पावसाचे तीन महिने बौद्ध भिक्खू एका जागी राहायचे, वर्षावास म्हणतात त्याला, आपल्याकडच्या आषाढ-श्रावणात फिरणं तसंही अशक्य. नंतर ती खोली रिकामी झाली की तिथं एखादा शैव साधू येऊन बसला, मग नाथपंथी आला, मग गावानं तिथं दिवा लावायला सुरुवात केली. छप्पर, पाणी आणि शांतता या तीन गोष्टी सगळ्या पंथांच्या माणसांना लागतात. त्यामुळे कुठल्या खोलीत कोणत्या शतकात कोण, असं एकेक जागा घेऊन बोला. हरवळ्याच्या पुराव्यावर खांडेपारचा निकाल लावू नका आणि रिवणच्या लेण्यावरून लामगावचा लावू नका.

प्रश्न : मुलगी नोकरीसाठी इंग्लंडला, यॉर्कशरमध्ये असते. तिनं नेर्सबरो नावाच्या गावातले फोटो पाठवले, नदीच्या कड्यात कोरलेलं चक्क चार मजली घर! ती विचारते आई आपल्याकडे असं आहे का. मी खांडेपार म्हटलं. बरोबर ना?
– वाचक, म्हापसा

उत्तर : बरोबर सांगितलंत. ते घर तिथं हाऊस इन द रॉक म्हणून ओळखतात, निड नदीच्या काठावर. थॉमस हिल नावाच्या लिननचं कापड विणणाऱ्या विणकरानं आणि त्याच्या मुलानं ते कड्यात खोदलं, काम 1770 च्या सुमारास सुरू झालं आणि सोळाएक वर्षं चाललं. एकावर एक अशा चार खोल्या. राजानं नाही, मठानं नाही, एका विणकराच्या घरानं स्वतःसाठी केलेलं घर, मला म्हणून ते फार आवडतं. जवळच त्याच कड्यात 1408 सालचं छोटं देऊळ आहे, म्हणजे मेरीमातेचं चॅपल, तेही एका गवंड्यानं खोदलं असं सांगतात. आणि नदीच्या काठानं थोडं पुढे गेलं की संत रॉबर्टची गुहा. हा रॉबर्ट घरदार सोडून तिथं राहायचा, 1218 मध्ये वारला, आणि त्याच्या आधी दोन वर्षं खुद्द इंग्लंडचा राजा जॉन त्याला भेटायला गुहेपर्यंत आला होता.

मुलीला सांगा की साम्य रॉबर्टच्या गुहेशी जास्त आहे, विणकराच्या घराशी कमी. तिथंही नदी, तिथंही गावापासून थोडं लांब, तिथंही मऊ दगड, चुनखडीचा. घर सोडलेला माणूस पाण्याकाठी कडा शोधतो आणि त्यात आपल्या अंगापुरती जागा करतो, हे यॉर्कशरला झालं आणि आपल्या फोंडा महालातही झालं, दोघांनी एकमेकांचं नावसुद्धा ऐकलेलं नसताना. फरक आहे तो पावसाचा, चुनखडीचा दगड पाण्यात हळूहळू विरघळतो, जांभा विरघळत नाही, पाणी पितो आणि सोडतो. ती सुट्टीला आली की तिला खांडेपारला न्या, तिनं दोन्ही बघितलेलं असेल, तिला जे दिसेल ते आपल्यातल्या बऱ्याच जणांना दिसणार नाही. आणि तिनं चार ओळी लिहिल्या तर आम्हाला पाठवा, छापू.

प्रश्न : आमच्या गावात डोंगराच्या पोटात चिऱ्यात खोदलेली एक जुनी खोली आहे, आत देव आहे, वर्षातून एकदा पूजा होते. भिंती ओल्या राहतात म्हणून देवस्थानच्या मीटिंगमध्ये ठरलंय की आतून सिमेंट प्लास्टर करून टाइल्स बसवायच्या आणि बाहेरून ऑइल पेंट मारायचा. आम्हा काही तरुणांना हे पटत नाही, पण मोठ्यांसमोर बोलायचं कसं?
– वाचक, सत्तरी

उत्तर : काम सुरू व्हायच्या आधी लिहिलंत हे फार चांगलं केलंत. प्लास्टर करू देऊ नका. जांभा पाणी आत घेतो आणि उन्हाळ्यात बाहेर सोडतो, असाच तो शेकडो वर्षं टिकलाय. सिमेंटनं आणि ऑइल पेंटनं त्याचं तोंड बंद झालं की पाणी आत अडकतं, त्यातले क्षार प्लास्टरच्या मागे जमतात, फुगतात आणि दगडाचा पृष्ठभाग पापुद्र्यांनी सुटायला लागतो. दोन-चार पावसाळ्यांत प्लास्टर पडतं आणि पडताना दगडाचा थर घेऊन पडतं. कोनाडा असेल, एखादं अक्षर असेल, तेही जातं. एकदा गेलं की कुठल्याही देवस्थानच्या फंडातून परत आणता येत नाही.

ओल कमी करायची तर पाणी कुठून येतं ते बघा. पाऊस पडत असताना वर चढा. बहुतेक वेळा वरच्या सड्यावर पाणी साचत असतं किंवा जुनी चर बुजलेली असते, ती मोकळी करून पाणी बाजूला वळवलं की आतली ओल बरीच कमी होते. वर एखादा वड किंवा पिंपळ रुजला असेल तर रोप लहान असतानाच काढायचं, मोठा झाला असेल तर हात लावू नका, मुळं ओढताना दगड फुटतो, तिथं जाणकार माणूसच पाहिजे. आत शेवाळ असेल तर मऊ ब्रश आणि साधं पाणी, ॲसिड नाही, प्रेशरचं मशीन तर बिलकुल नाही.

मोठ्यांशी बोलायचं म्हणाल तर विरोध करायला म्हणून उभे राहू नका. देवाची जागा टिकावी म्हणूनच ते करतायत, तुम्हीही त्याचसाठी बोलताय, तिथूनच सुरुवात करा. डिचोलीच्या वाचकांनी वर लिहिलंय ना, चिऱ्याच्या घराची भिंत झिरपते, तशा प्लास्टर केलेल्या भिंती तुमच्या गावातही असतील, त्या दाखवा, कागदावरच्या बोलण्यापेक्षा ते लवकर पटतं. गावात जुना चिरेकाम करणारा मेस्त्री असेल तर त्याला मीटिंगला बसवा, त्याचा शब्द मोडत नाहीत. आणि मीटिंगच्या आधी पणजीच्या पुरातत्त्व खात्याला एक साधा अर्ज द्या, फोटो जोडा, मोजमाप जोडा, येऊन बघून जा म्हणावं. जागा संरक्षित यादीत असो नसो, अर्ज दिल्यावर तिची कुठंतरी नोंद तरी होते, आणि सत्तरीत अशा नोंद नसलेल्या जागा असायची शक्यता खूप आहे. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.

प्रश्न : आमचं महिला मंडळ, बहुतेक जणी साठीच्या पुढच्या. चतुर्थीनंतर एक दिवसाची ट्रिप काढायचीय. खांडेपार, हरवळे, रिवण सगळं एका दिवसात होईल का?
– वाचक, पणजी

उत्तर : ताई, सगळं नको, दमून जाल. रिवण दक्षिणेला राहतं, ते वेगळ्या दिवशी करा, तिथं आत शिरताना बरंच वाकावं लागतं, गुडघ्यांचा त्रास असेल तर बाहेरूनच बघा. तेव्हा पणसायमळची कातळचित्रंही जोडून घेता येतील.

एका दिवसात सकाळी खांडेपार, दुपारचं जेवण फोंड्याला, मग हरवळे एवढं आरामात होतं. पण चतुर्थीनंतर लगेच नको, जमीन ओली आणि शेवाळलेली असते, गवतात साप असतो. दिवाळी झाली की जा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. खांडेपारला मोठी बस शेवटपर्यंत नेता येणार नाही, गावातच थांबवा आणि नाक्यावर कुणालाही पांडवांची लेणी म्हणून विचारा, सांगतील. पायात चप्पल नको, मागे पट्टा असलेलं काहीतरी घाला, पूर्ण बाह्यांचे कपडे, डासांसाठी ओडोमॉस, आणि दोघींत मिळून एक तरी टॉर्च, मोबाइलचा उजेड त्या कमळापर्यंत नीट पोचत नाही. अगरबत्ती, कापूर, तेलाचे दिवे आत लावू नका, छत काळं पडतं आणि ती काजळी निघत नाही. जेवणाचे डबे तिथं उघडू नका, नंतर माकडं येतात. आतल्या खोलीत एका वेळी तिघीचौघींपेक्षा जास्त जाऊ नका, बाकीच्यांनी बाहेर नदीच्या बाजूला बसावं, सावली असते. रविवार सोडून गेलात तर आणखी बरं, गर्दी नसते आणि हरवळ्याला पार्किंगही मिळतं.